सहा ते आठ

"दुसरं प्रकरण म्हणजे काय, शनिवार-रविवारचं काम!" ग्रंथपालबाईंनी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. दुसरं प्रकरण म्हणजे पूर्वसाहित्याचा आढावा. आपल्या आधी कोणी काय लिहून ठेवलंय ते वाचायचं, नीट मांडायचं आणि शेवटी 'एवढी एक पोकळी राहिलीय, ती मी भरते' असं नम्रपणे म्हणायचं. बाईंची पीएचडीची नोंदणी शुक्रवारी संपत होती. तोवर प्रकरणावर मार्गदर्शक सरांची सही झाली नाही, तर सहा वर्षं पाण्यात!

विषय होता, लोक ग्रंथालयातली पुस्तकं न वाचता परत का करतात. यातलं एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ: अडुसष्ट टक्के वाचक पुस्तक न उघडताच परत करतात. बाईंनी जमवलेल्या एकेचाळीस लेखांत ते होतं. पण सरांचा दंडक कडक. मूळ स्रोत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही!

बाई मुळाशी निघाल्या. हा लेख त्याच्याकडे बोट दाखवतोय, तो तिसऱ्याकडे. शेजाऱ्याच्या वहीत बघून गणितं सोडवणारी पोरं नुसती! जेवणाचं टेबल कागदांखाली गडप झालं.

"मी जेवू कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"उभ्याने जेव. आणि तेविसाव्या लेखावर आमटी सांडू नकोस!"

रविवारी संध्याकाळी माग संपला तो सरांच्याच अठरा वर्षं जुन्या, पुरस्कार मिळवलेल्या लेखापाशी. तळटीप होती: 'एका विद्यार्थिनीचा अप्रकाशित प्रकल्प.'

ती विद्यार्थिनी बाई स्वतःच होत्या! माळ्यावरचा खोका उतरवला. हाताने लिहिलेल्या कच्च्या प्रतीत होतं '६-८ टक्के'. टाइप केलेल्या प्रतीत '६८'. मधली रेघ टायपिस्टने खाल्ली होती, आणि बाईंनी न तपासताच प्रकल्प देऊन टाकला होता. नवरा ठसका लागेपर्यंत हसला. बाईंना रडू आलं.

सोमवारी त्या सरांसमोर उभ्या राहिल्या. "सर, ते सहा ते आठ आहे! ती मुलगी मीच."

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "बाई, आढाव्यात पोकळी शोधायची असते. पाडायची नसते."

"पण मूळ स्रोत..."

"अप्रकाशित आहे. तो कसा प्रमाण मानायचा? माझा लेख प्रकाशित आहे!"

"सर, तो माझ्यावरूनच तर..."

"शुक्रवारी संपतेय ना नोंदणी?"

बाईंना वाटलं, एकेचाळीसच्या एकेचाळीस लेख त्या टेबलावर आपटावेत. त्या "हो सर" म्हणाल्या आणि घरी आल्या. अडुसष्ट टक्के लिहिलं, पुढे कंसात सरांचं नाव घातलं आणि प्रकरण बाइंडिंग करून सरांकडे पाठवलं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती.

शुक्रवारी शिपायाने प्रकरण परत आणून दिलं. मुखपृष्ठावर सरांची सही, खाली लाल शाईत शेरा: 'मूळ स्रोत काटेकोरपणे तपासले आहेत. शाबास!'

बाईंनी घाईने पान उलटायला घेतलं. उलटेना. बाइंडिंगवाल्याने पानांभोवती चिकटवलेली कागदी पट्टी जशीच्या तशी होती!

सहा ते आठ लिहिलं असतं, तरी चाललं असतं.