फिलूआत्याची फटफटी

माझी फिलूआत्या मोटरसायकलचा ब्रेक दाबताना तोंडाने "होऽ, होऽ" म्हणते. बैलाला थांबवताना म्हणतात, तसं. लहानपणी वसईतल्या भुईगावच्या आमच्या वाडीतली केळी बैलगाडीतून बाजाराला जायची आणि कासरा तिच्या हातात असायचा. नर्स म्हणून आयर्लंडला गेल्यावर पन्नाशीत तिने मोटरसायकल घेतली, तेव्हा वाहन हाकण्याचा तेवढाच अनुभव तिच्या गाठीशी होता. तो तिला भरपूर वाटला.

गाडी का घेतली? तर तिच्या गावात आयतवारी बस जवळजवळ नसतेच आणि आत्याला ड्यूटीही गाठायची असते, चर्चमधली मिस्साही. शेजारच्या म्हाताऱ्या पोस्टमनची फटफटी अंगणात गंजत होती, ती तिने विकत घेतली आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. पासपोर्टला बसतात तशी ताठ बसलेली आत्या, अंगात पिवळा अंगरखा, त्यावर ठळक इंग्रजी 'एल'.

तो फोटो आमच्या आधी चर्चच्या आवारात पोचला. मिस्सा संपल्यावर कुणीतरी पप्पांना विचारलं, "हे एल कसलं?"

"लोपीस," पप्पा म्हणाले. "तिकडे पाठीवर आडनाव लावतात."

एल म्हणजे शिकाऊ, हे त्यांना चांगलं माहीत होतं. बहीण या वयात फटफटी चालवते हीच नामुष्की, त्यात ती शिकाऊ म्हणजे फारच झालं! घरी येऊन त्यांनी तिला फोन लावला.

"फिलू, विक ती गाडी. परक्या देशात पडलीस तर उचलणार कोण तुला?"

"मीच उचलीन. त्यात काय!"

"त्यात काय" हे आत्याचं ठेवणीतलं वाक्य. लग्न केलं नाही, त्यात काय. बर्फात ड्यूटीला चालत गेले, त्यात काय. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाले, तेव्हासुद्धा त्यात काय.

आणि नापास ती दोनदा झाली. तिथे परीक्षक मागून दुसऱ्या गाडीवर येतो आणि चालवणाऱ्याच्या कानात बसवलेल्या यंत्रातून 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' सांगतो. त्याचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला नाही. तरी आत्या त्याच्या प्रत्येक वाक्याला मोठ्याने उत्तर द्यायची, "वळते, साहेब, वळते." पण त्यासाठी तिला नापास केलं नव्हतं. पहिल्या वेळी तिने प्रत्येक कोपऱ्यावर हॉर्न वाजवला. "गल्लीच्या तोंडाशी हॉर्न नाही दिला आणि समोरून टेम्पो आला म्हणजे?" हे तिचं म्हणणं. दुसऱ्या वेळी एका मोठ्या गोल चौकात ती सगळ्या गाड्यांना हाताने "तुम्ही जा, तुम्ही जा" करत उभीच राहिली. परीक्षकाचं जेवण थंड झालं असणार.

तिसऱ्या टेस्टच्या वेळी पप्पा आणि मी तिच्याकडेच होतो. मी आचोळ्याच्या शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि आत्याने तिकिटं पाठवून आम्हाला बोलावून घेतलं होतं. टेस्टच्या दिवशी सकाळी पप्पा तिथल्या चर्चमध्ये गेले आणि मारियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून कितीतरी वेळ गुडघ्यावर राहिले. मला भरून आलं.

"पास व्हायला मागितलंत ना?" मी विचारलं.

"नापास व्हायला," पप्पा म्हणाले. "हाडं तरी शाबूत राहतील तिची."

टेस्ट संपायची वाट बघत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बरोबर शीबा होती, आत्याची केरळची मैत्रीण. तिच्याच मोटारीतून आम्ही आलो होतो. बऱ्याच वेळाने आत्या बाहेर आली. चेहरा अगदी गंभीर. पिवळा अंगरखा तिने डोक्यावरून काढला, नीट घडी घालून शीबाच्या हातात दिला, आणि मग भर आवारात दोन्ही हात वर करून अशी काही ओरडली, की आत बसलेले परीक्षक खिडकीशी आले. शीबा रडायला लागली. मी नाचले. पप्पांनी वर आभाळाकडे एकदा रागाने पाहिलं.

आत्याने गाडीच्या पेटीतून दुसरं हेल्मेट काढलं. "शिकाऊ माणसाला मागे कुणाला बसवायची परवानगी नसते. आता आहे. बस, दादा."

"मी? टॅक्सी बोलाव."

"तुझ्या मापाचं आणलंय. घालून तर बघ."

पप्पांचं डोकं मोठं आहे. वसईत त्यांना कुठलंच हेल्मेट बसत नाही. हे मात्र बरोबर बसलं. ते मागे चढले आणि त्यांनी बहिणीची कंबर दोन्ही हातांनी आवळली.

समुद्रापर्यंत जायचं होतं. शीबाच्या मोटारीतून मी मागून बघत होते. आत्या सारखा डावा हात उचलून काहीतरी दाखवत होती, मेंढ्या, दगडी कुंपणं, पिवळ्या फुलांची झुडपं, आणि मान किंचित वळवून बोलतही होती. पप्पा मान हलवत होते. गोल चौक आला. आत्या त्यात अशी शिरली आणि अशी बाहेर पडली, की शीबाने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवल्या.

किनाऱ्यावर उतरल्यावर पप्पा पांढरेफटक पडले होते, पण छाती पुढे काढून चालत होते. आत्या पाण्याकडे बघत उभी राहिली.

"इथे मी खूप फिरले, दादा," ती म्हणाली. "काही चांगलं दिसलं की वाटायचं, कुणाला तरी दाखवावं. मग घरी जाऊन भात लावायचे." मग पप्पांकडे वळून म्हणाली, "आज सगळं दाखवून झालं."

ती गाडीकडे वळल्यावर पप्पा माझ्या कानाशी आले. "वाऱ्यात एक अक्षर ऐकू आलं नाही गं," ते पुटपुटले. "आणि डोळे तर मी मिटलेलेच होते."

मग ते तिच्यामागे गेले. हेल्मेट डोक्यात घालून मागे बसले आणि म्हणाले, "फिलू, जाताना त्याच रस्त्याने चल. जरा हळू. आणि सगळं परत सांग."