दायमां गोय छे?

सुपडू आप्पा हॉटेलात शिरले की खुर्चीवर बसायच्या आधी वेटरला एकच प्रश्न विचारायचे, "दायमां गोय छे?"

म्हणजे, डाळीत गूळ आहे का? अर्धं आयुष्य सुरतेत काढूनही आप्पांच्या खानदेशी जिभेचं आणि 'ळ'चं काही जमलं नाही. अहिराणीत डाळीची दाय होते, मग आप्पांच्या गुजरातीतही गोळाचा गोय झाला. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात नव्या वेटरने 'दाय'चं 'चाय' ऐकलं आणि जेवणाआधी चहा आणून ठेवला. आप्पांनी तो शांतपणे पिऊन घेतला आणि प्रश्न पुन्हा विचारला.

आप्पा लिंबायतला राहायचे आणि लूमच्या कारखान्यात फिटर होते. मी कापड मार्केटात एका पेढीवर नोकरीला. आमचा तिसरा हसमुख, पक्का सुरती, खाण्याशिवाय ज्याला दुसरा विषय नाही. नव्वदनंतरची ती वर्षं. शहरात सारखी नवी हॉटेलं निघत होती आणि हसमुख सुट्टीच्या संध्याकाळी आम्हाला एकेका ठिकाणी ओढून नेत होता. पंजाबी, मद्रासी, गुजराती थाळी, सगळीकडे आप्पांचा प्रश्न आमच्या आधी आत. पहिल्यांदा चायनीज खायला गेलो तेव्हा तर त्यांनी सूपमध्येही गोय आहे का ते विचारलं. तिथला आचारी मुद्दाम बाहेर येऊन आमची तोंडं बघून गेला.

हसमुख वैतागायचा. "आप्पा, दाळमां गोळ तो होय ज ने! एमां पूछवानुं शुं?"

"इचाराले काय जास?" आप्पा म्हणायचे.

गंमत पुढेच आहे. गूळ आहे म्हटल्यावर हा माणूस उठून जाईल, निदान कुरकुर करील, असं कुणालाही वाटेल. आप्पा तीच गोड डाळ दोन-दोन वाट्या ओरपायचे, बोटं चाटायचे, आणि हात धुताना मान हलवून निकाल द्यायचे, "हाई काय कामनं नही." कुणाच्या कामाचं, ते सांगायचे नाहीत. मला तर हा शुद्ध वात्रटपणा वाटायचा.

मग हसमुखने पर्वत पाटियाच्या पुढे, बारडोलीच्या रस्त्यावर एक काठियावाडी ढाबा शोधून काढला. बसायला खाटा, ताटात बाजरीचा रोटला. आप्पांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"ना काका," वेटर म्हणाला, "अमे नथी नाखता. गोळ जुदो आपीए."

आप्पांनी डाळ चाखली. झणझणीत होती. गुळाचा खडा खरोखरच वेगळा, बशीत ठेवला होता. त्यांनी वाटी संपवली. मग म्हणाले, "आते तिले आठे आनसू."

आता तिला इथे आणायचं, म्हणे. 'ती' म्हणजे इंदूवहिनी, आप्पांची बायको. आमच्याबरोबर त्या कधीच यायच्या नाहीत. घरी काम आहे, एवढंच आप्पा सांगायचे. त्या दिवशी मात्र सगळं सांगितलं. लग्नानंतर वहिनी सुरतेला आल्या तेव्हा आप्पा त्यांना हौसेने एका थाळीच्या हॉटेलात घेऊन गेले होते. वहिनींनी डाळीचा घास घेतला आणि वेटरला हळूच बोलावून सांगितलं, "भाऊ, दायमा साखर सांडी गई, दखा." बिचाऱ्या आचाऱ्याचा हात घसरला असेल, बाकीच्यांना वाढायच्या आधी त्याला कळावं, एवढाच हेतू. वेटरने ते मोठ्याने गल्ल्यावर सांगितलं. सगळा हॉल हसला.

"मीबी हसनू," आप्पा म्हणाले. "तव्हयपाईन ती हॉटेलमा येस नही."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस हॉटेलाहॉटेलांतून काय शोधत होता, ते आत्ता कळत होतं.

पुढच्या सुट्टीला वहिनी आल्या. इस्त्रीचं पातळ, डोक्यावर पदर, नजर ताटात. आप्पांनी वेटरला प्रश्न विचारला, उत्तर नीट ऐकून घेतलं आणि वहिनींकडे बघत बसले. स्वतःच्या रोटल्याला हात लावला नाही. हसमुखसुद्धा चावायचा थांबला होता.

वहिनींनी डाळीत तुकडा बुडवून खाल्ला. मग आप्पांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "यामा गूय टाकाले इसरी गयात वाटस."

आप्पा खाटेवर पुढे सरकले. "तुले... तुले गोड दाय चालस?"

"शेजारनी बेनना घर खाईखाई आवडाले लागनी. मी एकटी व्हस तव्हय तशीच करस." वहिनींनी पदर सारखा केला. "तुम्ही माले कधी इचारंच नही."

हसमुख पाण्याचा पेला तोंडाला लावून बसला. आप्पांनी बशीतला गुळाचा खडा उचलला, चिमटीत चुरला आणि वहिनींच्या वाटीत टाकला. मग बोटाने डाळ ढवळून विचारलं, "बस का? आखो टाकू?"

वहिनी पदराआड हसायला लागल्या. या खेपेला आप्पा हसले नाहीत. उत्तराची वाट बघत, बोट तसंच वाटीत ठेवून बसून राहिले.