दामूचे साहेब

सकाळी दूध आणायला निघालेला माणूस आमच्या बेलापुरात दामू साळव्याच्या ओट्यापाशी हमखास थबकतो. ओट्यावर दामू मांडी घालून बसलेला असतो. समोर पाट, पाटावर लॅपटॉप, आणि दामूचे दोन्ही हात जोडलेले. “साहेब, मी हितं टाकलं हुतं. तुमी तिथं का नेलं?” मग आवाज चढवून, “अहो, पन इचारायचं तरी!” नवख्या माणसाला वाटतं, फोनवर कुणी मोठा अधिकारी असावा. अधिकारी वगैरे कुणी नाही. साहेब म्हणजे लॅपटॉपमधलं संगीत लिहायचं सॉफ्टवेअर. दामूची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली. जो आपलं ऐकत नाही आणि ज्याच्यावाचून आपलं चालत नाही, त्याला तो साहेबच म्हणतो.

या साहेबांचा मला मनापासून राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे काही सांगेन ते तुम्ही जरा सावधपणे ऐकाल.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. दामू आणि मी एकाच आळीतले, आणि आमची एक गायन पार्टी आहे. दामू पेटी वाजवतो, गातो, चालीही त्याच्याच. ढोलकी माझी. मागं कोरसला आळीतलेच चारपाच जण. भीमजयंतीच्या दिवसांत आम्हाला कोल्हार, श्रीरामपूर, पार शिंगणापूरच्या रस्त्यावरच्या वस्त्यांपर्यंत बोलावणी असतात. बाकी वर्षभर दिवेलागणीला मी ढोलकी घेऊन दामूच्या घरी जायचो आणि आम्ही दोघंच वाजवत बसायचो. दामूची बायको, आमच्या कमलवहिनी, वारल्या तेव्हापासून तर हे चुकलंच नाही.

कारखान्यात दामू काट्यावर होता. उसाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या आणि वजन करायचं, एवढंच काम. पण ते त्याच्या अंगात भिनलं. त्याच्या तोंडी एकच शब्द, ‘मापात’. चहा कसा झालाय? मापात हाय. पाहुणे कसे आहेत? मापात हायेत. स्वतःच्या मुलीच्या लग्नात एक पुढारी बोलायला उभा राहिला आणि थांबेना, तेव्हा दामूनं मांडवात उभं राहून सांगितलं, “ओव्हरलोड झालंय, थोडं खाली उतरवा.” त्याच्या लेखी मापात याहून मोठं कौतुक नाही.

ते कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नाही. उलट रोजची बैठक संपली की ठरलेलं असायचं. “गुर्जी, तिसऱ्या कडव्याला तू लई पळतो. गाडी काट्यावर हुबी ऱ्हायच्या आत निघून जाती.”

“मी पळत नाही. गाणं तापतं.”

“गानं तापत न्हाई, तू तापतो.”

मग चहा. इतकी वर्षं हे भांडण आम्ही कधी मिटू दिलं नाही. मिटलं असतं तर चहाबरोबर काय घेतलं असतं?

आणि मग दामूची मुलगी सुनीता पुण्याहून आली आणि आपला जुना लॅपटॉप बापाला देऊन गेली. दामूनं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं की गाणं लिहायचं सॉफ्टवेअर मिळतं आणि फुकट मिळतं. ते त्यानं तिच्याकडून घालून घेतलं. मला म्हणाला, “आपल्या चाली कुटंच लिवलेल्या न्हाईत. आपन गेल्यावर पोरं काय गातील?” आता याला काय बोलणार? माणूस वाईट हेतूनं काही करत असला की निदान भांडता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे ढोलकी घेऊन गेलो, तर दामूनं मानही वर केली नाही. “गुर्जी, आज न्हाई. आज साहेबांची डुटी हाय.” मी ढोलकी घेऊन परत आलो. बायकोनं विचारलं, “एवढ्या लवकर?” मी म्हणालो, “त्याला काम आहे.” ढोलकी खुंटीला लावली आणि बातम्या बघत बसलो. बातम्यांत काय होतं ते आठवत नाही.

नंतर मी जायचो ते बिनढोलकीचा, नुसता बघायला. खरं सांगायचं तर साहेबांनी त्याचा छळ केलेला बघायला. आणि साहेब छळायचेही. आपली साधी सा रे ग म त्यांना कळायची नाही. त्यांना पाच रेघा लागायच्या, त्यांच्यावर काळी टिंबं. दामू या वयात व्हिडिओ बघून त्या रेघा शिकला. प्रत्येक ओळीची घरं पाडलेली असायची आणि प्रत्येक घरात ठरलेल्याच मात्रा मावायच्या. जास्त घातल्या तर साहेब उरलेला सूर मुकाट्यानं पुढच्या घरात ढकलायचे. हे मात्र दामूला फार आवडलं. “बघ, ओव्हरलोड घेत न्हाईत. मापात कारभार हाय.” पण कमी घातल्या तर साहेब रिकाम्या जागी आपल्या मनानं गप्प बसायची चिन्हं टाकायचे, आणि तिथं दामूचं डोकं फिरायचं. “मी गप बसा म्हनलो का? मी अजून गातोय की!”

वाजवून दाखवायची तऱ्हा तर विचारूच नका. साहेबांकडे पेटी नव्हती, म्हणून ती चाल अ‍ॅकॉर्डियनवर वाजायची. ढोलकीही नव्हती. दामूनं शोधून शोधून एक लाकडी ठोकळ्याचा आवाज लावला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मागच्या खोलीत कुणी बाजेचा पाय ठोकतंय. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन बायकोला तो ठोकळा वाजवून दाखवला.

एकदा एक अख्खं गाणं न साठवताच लॅपटॉप बंद पडला. दामू डोक्याला हात लावून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून “जाऊ दे रे” म्हणत होतो आणि आतून मला गुदगुल्या होत होत्या. लॅपटॉप पुन्हा चालू केला तर साहेब विचारतात, अर्धवट राहिलेलं गाणं परत पाहिजे का? सगळं जसंच्या तसं परत आलं. दामूनं लॅपटॉपला नमस्कार केला. मी चहा न घेता निघालो.

पण साहेबांनी मला खरं कुठं मारलं असेल, तर पट्टी बदलण्यात. गाणं काळी दोनमध्ये लिहिलेलं. कोरसला झेपेना म्हणून वर न्यायचं ठरलं. कार्यक्रमासाठी म्हणून त्या दिवशी ढोलकी नेली होती, मी पाना घेऊन तिचे नट पिळायला बसलो. मी एक नट पिळून दुसऱ्याला हात घालतो तोवर दामूनं एक बटण दाबलं आणि पानभर टिंबं एकदम वर चढून बसली. एक चुकलं नाही. “बघितलं का?” दामू म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता की तसा मी माझ्या ढोलकीनं कधी फुलवलेला आठवेना. हेवा वाटला. पोटात दुखलं म्हणा, जळलो म्हणा, जे म्हणाल ते झालं.

घरी यावं तर बायको. “दामूभावजी बघा, या वयात काय काय शिकले. नाहीतर तुम्ही. मोबाईलचा आवाज कमी करायलासुद्धा मला हाका मारता.”

मग आलं कोल्हार. जयंतीचा कार्यक्रम, मैदान भरलेलं. दामूनं कोरसच्या हातात छापलेले कागद दिले. एकालाही ते वाचता येत नव्हते. एकानं तर कागदानं वारा घ्यायला सुरुवात केली. पण लोकांवर छाप पडली. मोबाईल वर झाले, फोटो निघाले. शेवटचं गाणं नवं होतं. दामूनं लॅपटॉपला स्पीकर जोडला, आणि मंडळाचे अध्यक्ष माझ्यापाशी येऊन प्रेमानं म्हणाले, “गुरुजी, येवढं एक मशिनवर हुंद्या. तुमी जरा च्या घ्या.”

मी दामूकडं पाहिलं. तो लॅपटॉपच्या पडद्याकडं पाहत होता.

मी ढोलकी बाजूला ठेवली आणि खाली जाऊन चहा घेतला. वर ठोकळा वाजत होता, सरळ, एकसारखा, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत. टाळ्या पडल्या. दामू खाली उतरला आणि म्हणाला, “मापात झालं.” कसा म्हणाला, तिकडं माझं लक्ष नव्हतं. शब्द तेवढा कानात शिरला. इतक्या वर्षांत मला न मिळालेला शब्द एका लाकडी ठोकळ्यानं एका गाण्यात मिळवला. येताना टेम्पोत मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि बेलापूर येईपर्यंत ऊस, पाऊस आणि डिझेल या विषयांवर बोललो.

त्यानंतर मी जाणं बंद केलं. दामूही आला नाही. रस्त्यात भेटला की “जय भीम, गुर्जी,” “जय भीम,” आणि दोघं आपापल्या वाटेनं. बायको म्हणाली, शाळेतली पोरं बरी. मी म्हणालो, त्यांच्यात लॅपटॉप नसतो.

शेवटी एका दुपारी मला राहवेना. आमचा पाना त्याच्याकडंच राहिला होता. तो मागायचा आणि त्या निमित्तानं मनातलं सगळं बोलून मोकळं व्हायचं, असं ठरवून निघालो. ऊन मरणाचं होतं. दामूचं दार उघडं होतं आणि तो दाराकडं पाठ करून बसला होता. साहेब वाजत होते. तेच कोल्हारचं गाणं. मी उंबऱ्यातच थांबलो.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला ठोकळा जरासा पुढं सरकला. दामूनं फटकन बटण दाबून तो थांबवला.

“न्हाई साहेब. ह्याला पळनं म्हनत्यात व्हय? आमचा गुर्जी असा पळतो का? त्यो एकदा सुटला का त्याला मागचं पुढचं दिसत न्हाई. ऊस खाली करून रिकामा ट्रॅक्टर घराकडं कसा सुटतो, तसं पायजे. पुन्हा एकदा.” आणि त्यानं घराघराच्या डोक्यावरचे वेगाचे आकडे बदलायला सुरुवात केली.

“मी असा पळतो?” मी म्हणालो.

दामू दचकला. चोरी सापडल्यासारखा त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला. मग पुन्हा उघडला.

“पोरीनं सांगितलंय, आता एकटं ऱ्हायचं न्हाई,” तो म्हणाला. “म्हैनाअखेरीला न्यायला येती मला. पुन्याला, कायमचं. फ्लॅट लई वर हाय. पेटी हळू वाजवा म्हनली. पन ढोलकी कोन वाजवनार तिथं? म्हनून म्हनलं, साहेबांची ढोलकी संगं न्यावी. कोल्हारला गाऊन बघितलं तिच्यावर.” त्यानं मान हलवली. “आवाजच फुटंना, गुर्जी. एवढी वर्सं तुझ्या मागं पळत गायलो. आता मला सरळ चालायला येत न्हाई.”

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू यायचा बंद झाला असतास.”

“तसाही झालोच ना.”

“व्हय,” दामू म्हणाला. “ते मापात न्हाई बसलं.”

त्यानं मला हेडफोन दिला. मी कानाला लावला आणि ऐकलं. तिसऱ्या कडव्याला तो ठोकळा असा सुटला की मला हसू आलं. मी होतो तो. शंकाच नव्हती. आणि तेव्हा मला जो हेवा वाटला, तसा आजवर कुणाचा वाटला नव्हता. हा माझा तोतया आता पुण्याला जाणार. लॅपटॉपच्या पिशवीत बसून, दामूच्या मांडीवरून. तिथं वरच्या मजल्यावर रोज दिवेलागणीला दामू त्याच्याशी भांडणार, आणि मी इथं बातम्या बघणार.

“कसा झालाय?” दामूनं विचारलं.

“पळतो बरोबर,” मी म्हणालो. आणि शिक्षकाची जित्याची खोड, चूक दिसली की राहवत नाही. “पण एक राहिलंय. कडवं संपवून तू धृपदावर येतोस ना, त्याच्या आधी मी थांबतो. तुझा दम खाऊन होईपर्यंत.”

“थांबतो? कवा?”

“नेहमीच.”

“मला कदी कळलं न्हाई.”

“कळू नये असंच थांबतो.”

दामू घाईघाईनं लॅपटॉपवर वाकला. “किती थांबतो सांग. अर्धी मात्रा? पाऊन?”

“तसं माप नाही त्याला. मी तुझ्या तोंडाकडं बघतो. तू श्वास भरलास की वाजवतो.”

त्याचं बोट तसंच वर राहिलं. “साहेबांना माझं तोंड कुटं दिसतं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “थांबायचं चिन्ह हाय त्यांच्याकडं. अंदाजानं टाकतो एखादं.”

“टाकू नकोस,” मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “पळणं घेऊन जा, ठोकळा घेऊन जा. तेवढं त्यांना द्यायचं नाही. ते माझं आहे.”

दामूनं हात मांडीवर घेतले.

“न्हाई टाकत,” तो म्हणाला. “पन मग तिथं मी धृपदावर यायचं कसं?”

मी लॅपटॉप मिटला, पेटीवरचं फडकं काढून ती त्याच्यापुढं सरकवली, आणि तशा उन्हात ढोलकी आणायला घरी निघालो.