टोपीकरांच्या ‘अ‍ॅडजस्ट’ या क्रियापदाची कुळचौकशी

श्रीगणराय समर्थ, शारदा समर्थ, आणि वाचणाराच्या अंगी धीर असो, कारण लिहिणाराचा संपला आहे. शके १७२७, क्रोधन नाम संवत्सरे, श्रावणमासी, एका संस्थानी, ज्याचे नाव लाजेस्तव लिहीत नाही, ऐसे वर्तमान जाहले की टोपीकर साहेबाचा वकील दरबारी आला आणि मुजरा करून बोलिला, “तुमची आमची शीव आजवर नदी होती. ती साहेब अ‍ॅडजस्ट करणार. हरकत असल्यास दसऱ्याच्या सूर्योदयापावेतो कळवावी. न कळविल्यास राजी आहा ऐसे समजून खांब रोवू.” बोलणे एवढेच. आता नदीच्या अलीकडे कोळंबे म्हणोन आपला गाव, तेथील रंभाबाई पाटलीण, नवरा वारल्यापासून गावचा कारभार पाहणारी, खांबांची कुणकुण लागून आधीच देवडीवर येऊन बसली होती, तिने हात जोडून अर्ज केला, “सरकार, आमचं गाव नदीकाठी हाय. नाही म्हनून कळवा, एवढंच मागनं हाय.” श्रीमंत म्हणाले, “कळवू.” आणि त्याच क्षणी कळविते तर हा कागद काळा करण्याचा ताप वाचता.

परंतु या दरबारचा रिवाज जुना, की परका कोणी आला तर प्रथम कूळ पुसावे, मग आसन द्यावे, मग विडा, आणि काम काय ते सर्वांमागून. तेव्हा चिटणीस विसाजीपंत उठोन म्हणाले, “वकिलाचे कूळ आपणांस ठाऊक. परंतु त्याजबरोबर एक क्रियापद आले आहे, ते परके. त्याचे कूळ न पुसता उत्तर गेले तर दरबारची अब्रू काय राहिली?” श्रीमंतांनी मान डोलाविली, आणि आमच्या कपाळी भोग आला. मग गोव्याच्या पाद्र्यांपाशी शिकलेला पेद्रू दुभाषी आणविला, त्याने ते क्रियापद टोपीकरांच्या अक्षरांत लिहिले, आणि तो कागद चौरंगावर ठेवून त्यावर चवरी ढाळू लागले. पेद्रू म्हणाला, “अर्थ सोपा आहे. थोडे इकडे, थोडे तिकडे सरकवून नीट बसवणे.” पाटलीण म्हणाली, “मग कुणीकडं सरकवनार, ते इचारा की.” विसाजीपंत म्हणाले, “बाई, अर्थ मागाहून. आधी कूळ.”

मग पेद्रूने कूळ सांगितले, की मूळ पुरुष लातिन मुलखीचा ‘युक्स्ता’, म्हणजे जवळ, त्याच्या आरंभी ‘अड’ जोडिला, म्हणोन मूळ अर्थ जवळ आणणे, आणि वंश फ्रान्सांत राहावयास गेला तो तेथे अंगचा ‘ड’ गळाला, आणि मग तेथील लेखकांस भ्रम जाहला की हे लातिन ‘युस्तुस’, म्हणजे न्याय्य, त्या न्यायाच्या घरचे लेकरू, म्हणोन त्यांनी ‘ड’ पुन्हा आणून पोटात बसविला. हे ऐकताच दरबारात दोन तट पडले. एक म्हणे घराणे जवळचे, दुसरा म्हणे न्यायाचे, आणि शास्त्रीमंडळींनी तिसराच फाटा काढिला, की ‘ड’ एकदा घर सोडून गेला तो प्रायश्चित्तावाचून पंक्तीस कैसा घ्यावा? सगळा भाद्रपद या ‘ड’च्या शुद्धीत गेला. त्यात पितृपक्ष लागला, तो शुभकार्य वर्ज्य. मग नवरात्र बसले. पाटलीण नित्य येऊन पुसे, “कळवलं का?” आणि नित्य उत्तर मिळे की आसनाचा मुहूर्त दसऱ्याचा आहे, सीमोल्लंघन करून आलो की आसन देऊ, विडा देऊ, आणि लगेच कळवू. मजला त्या बाईकडे पाहवेना. एकदा मी विसाजीपंतांस म्हटले, “पंत, मुदत सूर्योदयाची आहे.” ते म्हणाले, “मुहूर्त मोडून पाठविलेले उत्तर साहेबास लाभणार नाही.” पालथ्या घड्यावर पाणी.

दसरा आला. श्रीमंत हत्तीवर बसले, नौबत झडली, आणि दरवर्षीप्रमाणे नदी ओलांडून सीमोल्लंघन करावे म्हणोन स्वारी निघाली, मागोमाग गावी परतावे म्हणोन पाटलीणही पायी निघाली, तो शहराच्या वेशीबाहेर चिंचेपाशीच नवे खांब, त्यांवर ताजा चुना, आणि पुढे साहेबाचे शिपाई. शीव खरोखरीच जवळ आणिली होती. वकील मुजरा करून म्हणाला, “पलीकडे साहेबाचा मुलूख. पास असेल तर जावे.” हत्ती थांबला. नौबत थांबली. श्रीमंतांनी मान खाली घातली आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, ते मी पाहिले. पाटलीण रडली नाही. ती म्हणाली, “सरकार, माझी लेक बाळंतपनाला आलीया, घरात दुसरं मानूस न्हाई. गाव गेलं ते गेलं. मला घरी जायापुरता तेवढा पास मागून द्या.”

श्रीमंत मागणारच होते. तोंड उघडलेही होते. इतक्यात विसाजीपंत पुढे होऊन अदबीने म्हणाले, “महाराज, ‘पास’ हेही परकेच. कूळ पुसल्यावाचून दरबाराने मुखी कैसे आणावे?” आणि श्रीमंतांनी, सवयीने, मान डोलाविली.

येणेप्रमाणे जाहले ते लिहिले, पदरचे काही घातले नाही. चौरंग नवा करविला आहे. पेद्रूस बोलावणे गेले आहे. पाटलीणबाई खांबापाशी बसून आहेत.