चुकलं तरी एक

अख्ख्या दोह्यात रेनकोट वापरणारा माणूस मी एकच पाहिला आहे. इथे पाऊस पडला तर वर्षातून एखाद्या दुपारी, आणि तेव्हा लोक छत्री शोधत नाहीत, गाड्या काढून पाऊस बघायला जातात. वानखडेभाऊ मात्र थंडीच्या मोसमात दर शुक्रवारी दुपारी, लख्ख उन्हात, पोटरीपर्यंत येणारा काळा रेनकोट गळ्यापर्यंत बटणं लावून घालतात आणि आमच्या लिफ्टमध्ये उभे राहतात. काखेत एक लांबुळका चेंडू असतो. अल नस्रच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नव्याने आलेली माणसं त्यांना बघून पुढच्या लिफ्टसाठी थांबतात.

रेनकोटाच्या आत काय असतं हे मला पहिल्याच वर्षी कळलं, कारण एकदा तो लिफ्टच्या दारात अडकला. आत बिनबाह्यांची पिवळी-जांभळी बंडी होती आणि शाळेत कवायतीला मुलं घालायची त्याहून आखूड चड्डी. भाऊ जरासुद्धा लाजले नाहीत.

"युनिफॉर्म आहे, वहिनी," ते म्हणाले. "पण पब्लिकमधी बरं नाई दिसत. म्हणून झाकतो."

मधुकर वानखडे. मूळचे अकोल्याचे, वय अठ्ठावन्न, मेसईदच्या एका खतकारखान्यात बॉयलरवर. बायको अकोल्यात म्हाताऱ्या सासूपाशी. मुलगी केतकी मेलबर्नला. स्वतः आमच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक प्रेशर कुकर यांच्यासह. आणि हा गृहस्थ दोह्यातल्या ऑस्ट्रेलियन लोकांच्या टीममधून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतो. एकदा गंमत म्हणून नव्हे, गेली कित्येक वर्षं. बाकीचे खेळाडू दोन-तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर येतात, खेळतात, परत जातात. कॅप्टन बदलले, बंडीचा रंग बदलला, मैदान बदललं. वानखडेभाऊ तेच. टीममधला सगळ्यात जुना खेळाडू विदर्भातला आहे हे ऑस्ट्रेलियात कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आता हा खेळ काय आहे ते मला विचारू नका, पण सांगितल्याशिवाय पुढे जाताही येणार नाही. मैदान अंड्याच्या आकाराचं, चेंडू अंड्याच्या आकाराचा. चेंडू लाथेने मारायचा, हातात धरून पळायचं, एकमेकांना पाडायचं. लांबून लाथाडलेला चेंडू झेलला की मात्र सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि झेलणाऱ्याला निवांत लाथ मारू द्यायची. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला, किंवा मधल्या खांबाला लागला, तरी एक गुण.

या शेवटच्या नियमावर वानखडेभाऊंचं अख्खं आयुष्य उभं आहे. "चुकलं तरी एक भेटते ना बाप्पा," हे त्यांचं वाक्य. माझ्या खांडवीचा चिखल झाला, तो वाटीत घेऊन खाल्ला आणि म्हणाले, चुकलं तरी एक भेटते. आमच्या मुलाचं गणित बुडालं, तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारून तेच. माझे यजमान श्रीकांत ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा आपटले, तेव्हाही तेच, आणि श्रीकांत आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. एक काय भेटते हे कोणालाच कळलं नव्हतं.

भाऊ स्वतः मैदानावर फार पळत नाहीत. ते विरुद्ध बाजूच्या खांबांसमोर, कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि अधूनमधून "यल्ला बाप्पा, यल्ला," असं ओरडतात; यल्ला म्हणजे अरबीत 'चला'. चेंडू त्यांच्याकडे आला तर मारतात. एवढ्या वर्षांत त्यांनी बरेच गुण मिळवले, पण सगळे एकेक करून. सहा कधीच नाहीत. टीमचा सध्याचा कॅप्टन डॅरल, द पर्ल या महागड्या वस्तीत राहणारा सहा फुटी माणूस, त्यांना 'मॅड्स' म्हणतो आणि त्यांच्याशी बोलताना आपोआप कमरेतून वाकतो.

बरं, त्यांना या टीममध्ये कोणी ओढलं नव्हतं. ते स्वतः जाऊन म्हणाले होते, मले घ्या. का, याबद्दल आमच्या मराठी मंडळात बरीच चर्चा झाली. श्रीकांतचं मत, साहेबलोकांत ऊठबस वाढवायची म्हणून. कोणी म्हणालं, शुगर. मी एकदा सरळ विचारलं, तेव्हा भाऊ चेंडूला खोबरेल तेल चोळत होते. "केतकीले लय शौक आहे याचा," म्हणाले. "तिकडे गेली ना ती, अन् एकदम नाद लागला. मग म्हटलं आपुनही पाहावं काय आहे ते."

दर शुक्रवारी मॅच संपली की केतकीला फोन. छतातून खाली आमच्यापर्यंत पोचेल अशा आवाजात, अर्धा-पाऊण तास. कोणी कोणाला पाडलं, कोणाचा गुडघा गेला, तिच्याकडे कोण हरलं. मला हेवा वाटायचा. आमचे चिरंजीव माझ्याशी समोर बसून बोलतात ते "येस", "नो" आणि "लेटर", एवढंच.

यंदा भाऊंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. नोकरी संपली की इथला मुक्काम संपला, त्यात चर्चेला जागा नसते. मोसमातली शेवटची मॅच ही त्यांची शंभरावी होती, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मला केतकीचा फोन आला.

"काकू, एक फेवर हवाय. इथे ना, कोणाची माइलस्टोन मॅच असली की मोठा बॅनर करतात. कागदाचा. आणि तो प्लेअर पळत येऊन तो बॅनर फाडून ग्राउंडवर जातो. बाबासाठी कराल?"

"करू की," मी म्हटलं. "तुझ्यामुळेच तर लागला ना त्यांना हा नाद."

ती हसली. "काकू, बाबाला सांगू नका हां. मला तो गेम अजिबात आवडत नाही. पहिल्या वर्षी रूममेट्सनी एकदा ओढून नेलं होतं. मी सगळा वेळ चिप्स खाल्ल्या. तिथला एक फोटो बाबाला पाठवला, आणि नेक्स्ट वीक तो फोनवर मला रूल्स विचारायला लागला. त्याआधी आमचा फोन म्हणजे, जेवलीस का, हो, तू जेवलास का, हो, ठेवते. मग मी पण रूल्स वाचले. आता दर वीकेंडला मॅचेस बघून ठेवते, त्याच्याशी बोलायला. त्याला इतकं आवडतं ना ते." आणि मग म्हणाली, "आता त्याचं खेळणं संपलं की आम्ही काय बोलणार, काकू? मला खरंच टेन्शन आलंय."

बॅनरचं मी बघते, एवढंच म्हटलं, आणि बॅनर श्रीकांतवर सोपवला. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी माणूस शिकत नाही.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की तो फाडायचा आहे. श्रीकांतनी ते ऐकलंही. पण ज्या गावात माझं सासर आहे, तिथे एकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दुसऱ्याने फाडला म्हणून बाजारपेठ बंद राहिली होती. त्या संस्कारातल्या माणसाला बॅनर फाडणार म्हटल्यावर एकच गोष्ट सुचली. त्यांनी सगळ्यात जाड फ्लेक्स घेतला. चारी बाजूंनी दुमडून शिवलेला, पितळी कड्या ठोकलेला. वर गणपती. मध्ये भाऊंचा कोट-टायमधला पासपोर्टचा फोटो, दारापेक्षा मोठा केलेला. 'आपले लाडके व्यक्तिमत्त्व, दोह्याची शान, मा. श्री. मधुकरराव वानखडे यांना शंभराव्या सामन्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या मंडळाचे फोटो, पहिला श्रीकांतचा, गॉगल लावून.

"हा फाटेल?" मी मैदानावर विचारलं.

"फाटूच शकत नाही," ते अभिमानाने म्हणाले. "गणपतीत स्टेजमागे पण लावता येईल."

मी काही बोलेपर्यंत उशीर झाला होता. दोन्ही बाजूंना मंडळातले धट्टेकट्टे चार जण दोऱ्या ताणून उभे होते. डॅरलने भाऊंच्या कानात प्रथा समजावून सांगितली, भाऊंनी रेनकोट माझ्या हातात दिला, "यल्ला," म्हणाले आणि निघाले. त्यांना इतकं जोरात पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. अगदी जवळ आल्यावर त्यांना वरचा गणपती दिसला असावा, कारण त्यांनी चप्पल काढण्यासाठी थांबतात तसा ब्रेक मारला. पण अठ्ठावन्न वर्षांचं शरीर एकदा सुटलं की सुटलं. स्वतःच्याच नाकावर नाक आपटून ते मागे फेकले गेले आणि गवतावर उताणे पडले. फ्लेक्सला सुरकुतीही पडली नाही. श्रीकांत टाळ्या वाजवत होते.

भाऊ उठले, चड्डी झटकली, गणपतीला हात जोडले, दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि वाकून फ्लेक्सच्या खालून पलीकडे गेले. मागे टीम उभी होती. डॅरलने क्षणभर विचार केला. मग त्यानेही हात जोडले, कानांना हात लावला आणि वाकून खालून गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे सगळे, एकामागून एक, गंभीर चेहऱ्याने. शेवटच्याने तर फ्लेक्सवर डोकंही टेकवलं, नेमकं श्रीकांतच्या गॉगलवर.

मॅचचं मी काय सांगणार. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना एक चेंडू उंच आला आणि थेट भाऊंच्या पोटात बसला. त्यांनी दोन्ही हातांनी तो गच्च धरला. म्हणजे झेल. समोर मधले दोन खांब, सरळ रेषेत, आणि मध्ये येणारं कोणी नाही. सहा गुण मिळवायची आयुष्यातली शेवटची संधी. दोन्ही टीमची माणसं, अगदी विरुद्ध बाजूचीसुद्धा, ओरडायची थांबली. मी रेनकोट छातीशी धरून उभी होते आणि मला स्वतःचंच हसू येत होतं.

भाऊ मागे गेले, चेंडूला नमस्कार केला आणि लाथ मारली. चेंडू छान उंच गेला, मधल्या दोनपैकी उजव्या खांबाला लागला आणि खाली पडला. पांढऱ्या शर्टातल्या पंचाने एक बोट वर केलं.

लोक भाऊंकडे धावले. तिकडची पद्धत आहे, अशा खेळाडूला खांद्यावर बसवून बाहेर नेतात. पण भाऊ चड्डी धरून "वहिनी, रेनकोट, रेनकोट," करत होते. तो घातल्याशिवाय त्यांनी कोणाला उचलू दिलं नाही. शेवटी दोन ऑस्ट्रेलियनांच्या खांद्यावर, काळ्या रेनकोटात गळ्यापर्यंत बटणं लावलेले वानखडेभाऊ मैदानाबाहेर आले. डॅरल रडत होता.

घरी जाताना श्रीकांतनी वाटेत गाडी थांबवली आणि करक चहा आणायला गेले. भाऊ मागच्या सीटवर गुडघ्याला बर्फ लावून बसले होते.

"खलास, वहिनी," ते म्हणाले. "सुटलो एकदाचा."

मी वळून पाहिलं.

"खरं सांगू तुमाले? मले हा खेळ कधी आवडलाच नाई. हे काय खेळणं आहे? त्या चेंडूले तरी समजते काय कुठे जायचं ते? गुडघे गेले माहे. पण पोट्टीले आवडते ना. तिकडे गेली, अन् आमचं बोलणंच सरलं होतं. जेवली काय, हाव, ठेवते. मंग तिचा तो फोटो आला. किती खूष होती त्याच्यात. म्हटलं, याच्यातून बोलाले काई निघालं तर निघालं."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर दोघंही सुटले असते, त्यांचे गुडघे आणि तिचे वीकेंड. पण सुटून दोघं जाणार कुठे, परत 'जेवलीस का'वरच ना? मला तो दुष्टपणा वाटला. मी बर्फाची पिशवी नीट धरा, एवढंच म्हटलं.

"आता काय करणार मग?" मी विचारलं.

"अकोल्याले टीम काढतो," भाऊ म्हणाले. "मैदान पाहून ठेवलं आहे. खांब बांबूचे लावू. पोट्टे भेटतील, तिथले पोट्टे कशालेही तयार असतात." आणि मग खिडकीबाहेर बघत, "बंद करून नाई चालणार ना, वहिनी," असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केतकीचा मेसेज आला. 'काकू, बाबा अकोल्यात टीम काढतोय. ओ गॉड. आता लाइफलाँग मॅचेस बघायच्या.' त्याच्याखाली लगेच दुसरा. 'तिकडे तो बॉल मिळणार नाही ना? मी इथून पाठवते. कुठला साइझ लागतो ते हळूच विचाराल का? सरप्राइज आहे. आणि मला त्यातलं खरंच काही कळत नाही.'

मी वर गेले. भाऊ खोक्यांच्या मधोमध बसून सामान बांधत होते. रेनकोट सगळ्यात वर घडी करून ठेवला होता. मी सहज म्हणून विचारलं, "भाऊ, तुमचा तो चेंडू असतो ना, त्याचा साइझ कुठला हो?"

"मले काय माहीत?" ते म्हणाले. "थांबा, केतकीले विचारतो. तिले त्याच्यातलं सगळं समजते."

त्यांनी फोन लावला, गुडघा धरून खोक्यावर आरामात बसले आणि मला हाताने बसायची खूण केली. आता अर्धा-पाऊण तास लागणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.