साडूभाऊंचे शंभर हंगाम

लग्नाला गेल्यावर लोक नवरा-नवरी बघतात, निदान जेवण तरी बघतात. आमचे साडूभाऊ जनरेटर बघतात.

धानोऱ्याला एका लग्नात भटजींनी अंतरपाट मागवला होता आणि प्रल्हादराव, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मंडपामागे जनरेटरसमोर उकिडवे बसले होते. मान वाकडी करून आवाज ऐकत होते. मग मंडपवाल्याला म्हणाले, "भाऊ, शंभर लगीन लावशी तर वीस येळ हाऊ पट्टा तुटी जाई."

मंडपवाला घाबरला. "आबा, आठे एकच लगीन शे!"

"तेच तं! हाई त्या वीसमधलं शे का ऐंशीमधलं, कोनले माहीत?"

मुलीच्या बापाने हे ऐकलं आणि साडूभाऊंना दंडाला धरून, अगदी आदराने, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. जनरेटर शेवटपर्यंत चालला. परत येताना मी टोमणा मारला, "काय साडूभाऊ, पट्टा काही तुटला नाही." ते खुशीत म्हणाले, "चांगलं व्हयनं. ऐंशीमधलं निंघनं."

आता अशा माणसाला खोटं कसं पाडणार?

साडूभाऊंची सगळी नोकरी वीज केंद्रात गेली. कुठलं यंत्र कधी दगा देईल याचा आधी अंदाज करायचा आणि कुठे पैसा घालायचा ते साहेबांना सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर नंदुरबारला येऊन त्यांनी माझ्या मिरचीच्या कारखान्यामागे घर घेतलं. मेहुणी पुण्यात नातवंडं सांभाळते, हे इथे यंत्रं सांभाळतात. स्वतःची नाहीत, गल्लीतली. कोणी भेटलं की आधी मिक्सरची तब्येत विचारणार, मग माणसाची.

माझं म्हणाल, तर मी सायकलवर मिरची विकून सुरुवात केली. आज माझी वाळवणाची पथारी आहे, ढगाळ दिवसांसाठी ड्रायर आहे, दळायची चक्की आहे. यातली एकही वस्तू मी समोरच्याने सांगितलेल्या भावाने घेतलेली नाही. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत. मिरचीच्या धंद्यात गोड माणूस टिकत नाही.

तर माझी तक्रार ऐका. माझी चक्की सारखी बंद पडायची. प्रत्येक वेळी मी आरडाओरडा करायचो, मिस्त्री यायचा, ठोकठाक व्हायची. शेवटी गुजरातच्या एका व्यापाऱ्याकडची नवी कोरी चक्की मी हेरली. काय घासाघीस केली होती मी! दोनदा उठून गेलो, दोनदा त्याने हाक मारून परत बोलावलं. गाडीभाडं त्याच्या गळ्यात घातलं, मोटर फुकट घेतली. शेवटी त्या माणसाने कपाळाला हात लावला. इतका सुंदर सौदा माझ्या हातून परत होणार नाही.

आणि पैसे द्यायच्या आदल्या दिवशी साडूभाऊ वाट्या घेऊन आले.

एकेका यंत्राची एक वाटी. प्रत्येकीत चिंचोके. जे यंत्र जितकं बिघडतं, तितके त्याच्या वाटीत लाल चिंचोके. रंगवायला माझ्या बायकोची नेलपॉलिश वापरली होती, म्हणजे घरातही फितुरी. एक वाटी आभाळाची, तिच्यातले लाल म्हणजे ढगाळ आठवडे. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक चिंचोका काढायचा, तो झाला एक आठवडा. काढलेला परत टाकायचा. असं करत अख्खा हंगाम ओसरीवर बसून जगायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

"हे सगळं संगणक घटकेत करतो ना?" मी म्हणालो.

"संगणकवर हजारो हंगाम करी टाकात. पन तुम्हना इस्वास बसाले पाहिजे ना."

दिवाळीची सुट्टी असल्यासारखे आम्ही खेळत बसलो. चक्कीचा लाल चिंचोका सारखा यायचा. मी म्हणायचो, "बघा!" ते म्हणायचे, "मंग? नुकसान काय?" खरंच, काही नाही. "चक्की बंद पडनी तं वाळेल मिरची पोतामा बसी ऱ्हास. उद्या दळा." पण ड्रायरमध्ये गरम हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा लाल, जो क्वचितच यायचा, तो ढगाच्या लालबरोबर आला की हंगाम गेला. ओली मिरची काळी पडणार, तिला कोणी विचारणार नाही. शंभर हंगाम झाल्यावर साडूभाऊ म्हणाले, "जे यंत्र जास्ती आरडस, त्याले तुम्ही पैसा देतस. ब्लोअर बिचारा आरडस नही."

मी चक्की रद्द केली. ब्लोअरची एक जास्तीची मोटर घेऊन ठेवली. गुजरातचा व्यापारी फोनवर हसला. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

आणि पुढचा अख्खा हंगाम ब्लोअर एकदाही बंद पडला नाही! ती मोटर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जावयासारखी बसून होती. मी रोज तिच्याकडे बघून जळायचो. साडूभाऊ रोज येऊन तिच्यावरची धूळ झटकायचे आणि म्हणायचे, "वा! चांगला हंगाम निंघना."

यंदा म्हसावदचा एक जण मोटर विकत घ्यायला तयार झाला. मी भाव चढवत चढवत घेतल्या भावाच्या वर नेला. तो जीप घेऊन फाटकात उभा, तेवढ्यात साडूभाऊ वाट्या घेऊन हजर. कोणी फितुरी केली ते सांगायला नको.

"एकच डाव," ते म्हणाले. "पन आज चिंचोका तुम्ही काढा."

पथारीवर डोंगरातल्या काठी गावाकडून आलेल्या बाया मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांची पुढारी भुरीबाई पदराने तोंड झाकून आमच्याकडे बघत होती. मी चिडून पोत्यावर बसलो आणि भराभर चिंचोके काढू लागलो. पहिला हंगाम बिनघोर. दुसराही. "बघा, बघा!" मी ओरडलो. तिसऱ्या हंगामात ढगाचा लाल आला, आणि लगेच ब्लोअरचा.

साधा चिंचोका तो. पण मी नकळत आभाळाकडे बघितलं.

साडूभाऊंनी मांडीखालून एक वाटी काढली. ती मी कधी पाहिलीच नव्हती. तिच्यातले चिंचोके ते जमिनीवर मांडू लागले. मांडतच गेले.

"हे कुठलं यंत्र?"

"यंत्र नही. ह्या बायासना बुडेल मजुरीना दिवस शेतस. वाळेल मिरची नही तं देठ कसाना खुडतीन?"

"हे मागच्या वर्षी का नाही दाखवलं?"

"तुम्हना साठे मिरचीनं नुकसानच पुरं व्हतं. हाई मी मन्हा साठे मोजस." ते चिंचोके सरळ ओळीत लावत म्हणाले, "वीज केंद्रमा संच बंद पडना का मी आत अहवाल लिखू. मन्हा पगार चालू. फाटकबाहेर रोजंदारीना मानसं उभा ऱ्हायेत, तिसऱ्या दिवशी गावले निंघी जायेत. अहवालमा त्यासना रकाना नव्हता. मीबी कधी इचारं नही."

भुरीबाई पुढे येऊन त्या ओळींकडे बघत उभी राहिली. "आबा, हे काय मांडलं?"

"तुम्हनं घरी बसणं," साडूभाऊ म्हणाले.

ती हसली. "मग उचल ना ते, आबा. कशाला मांडतो?"

फाटकात जीपचा हॉर्न वाजला. मी उठलो. म्हसावदवाल्याला सांगितलं, मोटर विकायची नाही. त्याने भाव वाढवला. मी म्हणालो, नाही. त्याने आणखी वाढवला. मग मात्र माझं डोकं फिरलं. "एकदा सांगितलं ना, नाही म्हणजे नाही! गाडी काढा फाटकातून!" असा भाव मला जन्मात कोणी दिला नव्हता. दोन वर्षांत दोन सौदे या साडूपायी बुडाले, हे मी मरेपर्यंत बोलून दाखवणार आहे.

परत आलो तर जमिनीवर एकही चिंचोका नव्हता. साडूभाऊ वाटी पोटाशी धरून, माझ्याकडे पाठ करून बसले होते. चष्मा काढलेला, रुमाल डोळ्यांना लावलेला.

मिरचीच्या कारखान्यात डोळे पुसणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही.