विजूमावशींची मागची चव

बर्फ पडला की ओकव्हिलमधली माणसं बर्फ उपसायची फावडी शोधतात. आमच्या शेजारच्या विजूमावशी काचेच्या बशा शोधतात. त्या बशा घरामागच्या लाकडी डेकवर बर्फात खोचायच्या आणि शाल पांघरून दारात पहारा द्यायचा. "सॅलडची बशी गार हवी रे. फ्रीजमध्ये ठेवली तर तिला आमटीचा वास लागतो," असं त्यांचं म्हणणं. सत्तरी उलटलेली बाई कडाक्याच्या थंडीत बशा राखते आहे, हे मी खिडकीतून अगदी भक्तिभावाने बघतो.

प्रकरण असं आहे. मावशी आणि कुलकर्णीकाका कॅनडात नवे होते, तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाला टोरांटोतल्या एका बड्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेले. तिथे सिनेमातले लोक येत, भिंतीवर त्यांचे सह्या केलेले फोटो असत. आज तिथे फ्लॅटांची उंच इमारत उभी आहे. मेन्यूत शाकाहारी वाटावं असं एक सॅलडच होतं. काकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. कच्च्या पानाला शेळीचा चारा म्हणणाऱ्या त्या माणसाने दुसरी बशी मागवली.

तेव्हापासून मावशी त्या सॅलडवर घालायचं ते ड्रेसिंग जमवताहेत. लेट्यूसचं पान न् पान काकांच्या जुन्या मऊ धोतराने टिपतात. लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल, चीज हे तर झालंच. शिवाय हिंग घालून झाला, आमसूल झालं, काळं मीठ झालं. काका दर वाढदिवसाला चाखून म्हणायचे, "छान आहे. पण तिथलं ते..." काका गेले, प्रयोग चालूच राहिले.

आता चाखायला मी असतो. मी नागपूरचा, घराण्यात कोणी अंडंही फोडलेलं नाही. मी घास घेतला की मावशी चवीचं काही विचारत नाहीत, नुसत्या माझ्या डोळ्यांकडे बघतात. मग बशी ओढून घेतात. "पुढची चव आली. मागची यायचीय."

एकदा ऑफिसात डबा खाताना सहज फोनवर त्या सॅलडचं नाव टाकून कृती शोधली आणि पोळीचा घास हातातच राहिला. ड्रेसिंगमध्ये खारवलेले बारीक मासे वाटून घालतात. ज्या घरात केक आला की आधी अंड्याची चौकशी होते, त्या घराचे कर्ते मासळी खाऊन तृप्त झाले होते. मी ठरवलं, तोंडाला कुलूप.

ते कुलूप या जानेवारीत निघालं. मावशींनी मला गाडी काढायला लावून मार्कहॅमच्या चिनी दुकानातून वाळलेलं समुद्रशेवाळ आणवलं होतं. ते कुटता कुटता मावशी खुर्चीत बसल्या. "माझ्या हातून होतंय की नाही, कोण जाणे." मला राहवेना.

"मावशी, त्यात मासे असतात."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेवाळ कुटायला लागल्या. "माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्नानंतर मासे सोडले, म्हणून जीभ विसरते होय? पहिल्या घासालाच कळलं. सांगणार तेवढ्यात यांनी डोळे मिटले. इथे आल्यापासून इतके खूश पहिल्यांदाच दिसले रे. माझ्याने बोलवेना."

"मग एवढी वर्षं ही खटपट?"

"माशावाचून तीच चव जमली असती, तर यांना म्हटलं असतं, हे घ्या, हेच ते. म्हणजे मी यांना फसवलं नाही, असं झालं असतं."

आमच्या कॉलनीत बरेच जण बरंच काही करतात, पण एका घासासाठी आयुष्यभर असं प्रायश्चित्त घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मावशींनी शेवाळाची पूड ड्रेसिंगमध्ये घातली आणि डेकवरून दोन बशा आणल्या. पहिली काकांच्या फोटोपुढे, दुसरी मला. त्या माझ्या डोळ्यांकडे बघू लागल्या. मी घास घेतला. समुद्र कसा लागतो ते मला ठाऊक नाही, पण मी मन लावून डोळे मिटले आणि मिटल्यावर ते खरोखर भरून आले.

"सोंग नको करूस," मावशी हळूच म्हणाल्या. मग फोटोकडे बघून तिथली बशी उचलली. "यांनाही अजून पटलेलं नाही. आण ते शेवाळ इकडे."